माणिकची गाडी सेल्फ घेईना

मोताळ्यात रंगाची चार दुकानं आहेत, पण पेंटर एकच आहे आणि तो मी. बाकीचे तिघं नुसता रंग लावतात. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगेल याची वाट पाहण्यात तीस वर्षं गेली. शाकिर पेंटर म्हटलं की नांदुऱ्यापासून उंद्रीपर्यंत कोणीही ड्रायव्हर सांगेल, त्याच्या हातची गाडी लांबून ओळखू येते. त्यातले निम्मे पुढं हेही सांगतील की माणूस फाटक्या तोंडाचा आहे. तेही खोटं नाही.

माझी खोड अशी की मला गंज पाहवत नाही. इतर लोक बाहेरून दिसेल तेवढं रंगवतात. मी गाडीखाली पोतं अंथरून आडवा होतो, चेसिस म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा खरवडतो, आधी तांबडा प्रायमर मारतो आणि त्यावर रंगाचे दोन हात देतो. वाटेत काही आडवं आलं तर ते सोडवतो, त्याच्या खालीही रंग घालतो आणि परत बसवतो. "गाडीच्या पोटाखाली कोण पाह्यते?" असं माझी बायको नसीमा विचारते. गंज पाहतो, असं मी तिला सांगतो. त्यावर ती कपाळाला हात लावते.

तर माणिकरावची गाडी माझ्या अंगणात आठ दिवस उभी होती. माणिक माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याची सहा चाकी जुनी ट्रक आहे, जिनिंगमधून सरकी आणि गाठी वाहते. पुढच्या आठवड्यात कापसाचा हंगाम सुरू होणार होता आणि त्याआधी गाडीचं पासिंग व्हायला हवं होतं. पासिंग म्हणजे गाडीची वार्षिक परीक्षा. बुलढाण्याला साहेब दिवे, ब्रेक, हॉर्न, रंग सगळं तपासतो, तेव्हा कुठं वर्षभर रस्त्यावर चालवायचा कागद मिळतो. रंगाचं काम माझ्याकडं होतं. निळा रंग हा माणिकचा हट्ट, आणि केबिनच्या कपाळावर 'जय भीम' हे माझं अक्षर. तसं अक्षर बाकीच्या तिघांनी काढून दाखवावं.

वायरिंगचं काम माणिकच्या पोरीकडं होतं. सारिका. आयटीआय केलं, मग दोन वर्षं नांदुऱ्याला गनीभाईंच्या हाताखाली काढली. अब्दुल गनी म्हणजे आमच्या भागातला गाड्यांच्या वायरिंगचा उस्ताद, केस पिकले तरी लोक अजून त्यांच्याच दारात गाडी लावतात. आता सारिकाला माझ्या शेजारच्या टपरीत स्वतःचं दुकान टाकायचं होतं. माणिकला ते पटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही पटत नव्हतं. ड्रायव्हर लोकांसमोर पोरीनं गाडीखाली आडवं व्हावं, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं आणि मी ते बोलूनही दाखवलं होतं.

शेवटी माणिकनं माझ्यासमोरच तिला अट घातली. "आपल्या गाडीची वायरिंग तू कर. गाडी पासिंगले गेली अन् पास होऊन आली, त सोमवारी दुकान उघड. मी आडवा येत नाई. पण तुह्या कामानं मधात कुठी अडली, त मावशीनं पाह्यलेली कापडाच्या दुकानातली नोकरी धरायची. मंग हा विषय बंद."

"हाव," सारिका म्हणाली. तिनं एवढंच म्हटलं, पण नंतर चार दिवस ती सकाळी माझ्याआधी अंगणात यायची.

पासिंगच्या दिवशी सकाळी साडेसातला माणिक आला. सोबत त्याची बायको चांगुणा डबा घेऊन आली होती. गाडी अशी चमकत होती की मीच दोनदा भोवती फिरून आलो. समोरच्या चहाच्या टपरीचा मालक कारभारी चहा घेऊन आला आणि भगवानराव नावाचा एक ड्रायव्हर, ज्याची गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती, तोही रंग पाहायला म्हणून आला. अकराच्या आत बुलढाण्याला नंबर लावायचा होता. मधे राजूरचा घाट, म्हणजे नऊ-साडेनऊला तरी निघायला पाहिजे.

माणिकनं चावी फिरवली. समोरचे दिवे लागले. आणखी पुढं फिरवली. 'कट्' असा एक आवाज आला आणि पुढं काही नाही. त्यानं पुन्हा फिरवली. पुन्हा कट्.

"बॅटरी उतरली," कारभारी म्हणाला. कारभारीला चहाशिवाय सगळ्यातलं कळतं.

"आठ दिवस उभी होती ना बे," भगवानरावनं मान डोलावली. त्यानं स्वतःची गाडी जवळ आणली, जाड वायरी काढल्या आणि त्याच्या बॅटऱ्या माणिकच्या बॅटऱ्यांना जोडल्या. माणिकनं चावी फिरवली. कट्.

"धक्का मारू," कारभारी म्हणाला. "आठ-दहा जण जमवतो."

"अन् बुलढाण्याले कोण येईन धक्का माराले, तू?" माणिक वैतागला. "साहेब पयले गाडी बंद करायले लावते, मंग म्हणते सुरू कर. सेल्फ नाई घेतली त तठूनच वापस."

सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला हिसका देणारी मोटर. ती फिरली तर इंजिन फिरतं. ती आज नुसती कट् म्हणून गप्प बसत होती.

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं हा माझा धंदा नव्हे. मी म्हणालो, "आठ दिवसांखाली गाडी चालत आली ना इथी? मंग आजच काय झालं? वायरीले काल हात कोणी लावला, ते पाहा पयले."

सगळ्यांच्या माना सारिकाकडं वळल्या. काल दुपारभर ती गाडीखाली होती. मागच्या दिव्यांची जुनी वायर काढून तिनं नवी टाकली होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

माणिकनं खिशातून फोन काढला आणि गनीभाईंना लावला. "उस्ताद, गाडी सेल्फ घेऊन नाई राह्यली. पासिंग आहे आज. या ना भाऊ लवकर."

सारिका पुढं आली. तिच्यासमोर तिच्याच बापानं तिच्याच उस्तादाला बोलावलं होतं. ती म्हणाली, "बाबा, मले एक घंटा द्या. मी पाह्यतो."

"गनीभाई येईपर्यंत पाह्य," माणिक म्हणाला. "माह्यापाशी घंटे नाई उरले."

तिनं ओढणी कमरेला बांधली आणि कामाला लागली. आधी बॅटरीची टोकं पाहिली, ती घट्ट होती. मग तिनं जे केलं ते मला त्या वेळी फार शहाणपणाचं वाटलं नाही. तिनं स्वतःचं कालचं काम सोडवलं. मागच्या दिव्यांची नवी वायर जिथून सुरू होते तिथून तिनं काढूनच टाकली आणि बापाला म्हणाली, "मारा सेल्फ." कट्.

"पाह्या," ती म्हणाली. "माही वायर पुरी बाहेर आहे. तरी तेच."

"नवी टाकता टाकता जुनी वायर बिघडली असू शकते ना," मी म्हणालो. "वायर काढली म्हणून चूक निघत नाई." चांगुणानं माझ्याकडं असं पाहिलं की डब्यातली भाकर मला मिळणार नाही हे नक्की झालं.

पाऊण तासात गनीभाई स्कूटरवरून आले. पांढरी दाढी, जाड चष्मा, डिकीत एक बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी. एवढ्या सामानावर त्यांनी आयुष्य काढलं. त्यांनी इंजिनाजवळ कान नेला आणि हातानं खूण केली. माणिकनं चार-पाच वेळा चावी फिरवली. कट्, कट्, कट्. त्याबरोबर जळकट वास आला, रबर तापल्यासारखा.

"सेल्फ जळून राह्यला," गनीभाई म्हणाले. "काढावा लागते."

सेल्फ काढायचा, खोलायचा, बसवायचा म्हणजे दुपार झाली. माणिकनं स्टेअरिंगवर डोकं टेकवलं.

मग गनीभाईंनी सारिकाला हळूच बाजूला नेलं, पार माझ्या दुकानाच्या मागच्या भिंतीपर्यंत. आता हे बाजूला नेणं म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. आमच्या गॅरेजच्या रांगेत एक रिवाज आहे. दुसऱ्या कारागिराची चूक गिऱ्हाईकासमोर काढायची नाही. चूक दिसली तर त्याला बाजूला घ्यायचं, तिथं काय झापायचं ते झापायचं, आणि परत येऊन गिऱ्हाईकाला सांगायचं की पार्ट खराब होता. फार चांगला रिवाज आहे. फक्त एक अडचण आहे. हा रिवाज गिऱ्हाईकालाही माहीत असतो. म्हणून कोणाला बाजूला नेलं की उरलेले लोक त्याच क्षणी समजतात, चूक कोणाची ते. चुलीवरचं दूध उतू जावं तसं ते सगळीकडं पसरतं.

भगवानराव कारभारीला म्हणाला, "पोट्टीचंच काम आहे." कारभारी म्हणाला, "मी त पयलेच म्हटलं होतं." त्यानं पहिल्यांदा बॅटरी म्हटलं होतं.

भिंतीजवळ काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. गनीभाईंनी विचारलं होतं, "बेटा, काल कुठी वायर दाबली गेली का? खरं सांग, मी सांभाळून घेतो." आणि सारिका म्हणाली होती, "नाई उस्ताद. दाबली गेली असती त मीच पयले सांगतलं असतं."

ती परत आली ती थेट केबिनमध्ये चढली. बापाला उतरवलं आणि स्वतः चावी फिरवली. एकदा, दोनदा. नजर समोरच्या दिव्यांवर. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "उस्ताद, सेल्फ जळत असता त त्यानं बॅटरी ओढली असती. दिवे मंद झाले असते. हे दिवे पाहा, नावापुरतेच हालतात. करंट जाऊनच नाई राह्यला."

गनीभाईंनी चष्मा काढला आणि पुसला. "मंग वास कायचा?"

"तेच पाह्यतो," म्हणून ती उतरली आणि वास घेत निघाली. तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना गंमत वाटली, मलाही. पोरगी ट्रकभोवती हुंगत फिरते आहे. ती सेल्फजवळ गेली, नाक घातलं, मान हलवली. तिथं वास नव्हता. मग इंजिनाच्या वरच्या अंगाला आली, जिथं पायातल्या अॅक्सिलेटरपासून आलेली केबल इंजिनाला जोडलेली असते. तिनं त्या केबलला बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं.

"बाबा, इकडं या. हात लावा."

माणिकनं हात लावला आणि शिवी हासडली. केबल चुलीवरच्या चिमट्यासारखी तापली होती.

"रेसच्या केबलीतून करंट काऊन जाईन?" त्यानं विचारलं.

गनीभाईंचा चेहरा मी पाहत होतो. तो हळूहळू बदलला. त्यांना उत्तर कळलं होतं, हे मला दिसलं. पण त्यांनी ते दिलं नाही. ते माझ्या रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसले, मांडीवर हात ठेवले आणि सारिकाकडं पाहत राहिले. उस्ताद लोक असे असतात.

सारिका बापाला समजावू लागली. "बॅटरीतून करंट मोठ्या वायरीनं सेल्फमधी येते. पण आला तसा त्याले घरी वापसबी जा लागते ना. ते जाते इंजिनाच्या अंगातून चेसिसमधी, अन् चेसिसमधून बॅटरीत. आता घराकडचा मोठा रस्ताच बंद असला, त मानूस काय करते? गल्लीबोळातून घुसते. ही केबल म्हणजे ते बोळ. एवढीशी केबल, त्यातून तेवढा करंट जाते कसा? म्हून ते तापली, अन् म्हून सेल्फले जोर नाई."

"मंग बंद काय आहे?"

"अर्थिंग," सारिका म्हणाली. "इंजिन अन् चेसिसच्या मधातली अर्थची पट्टी."

मी गाडीच्या पोटाकडं पाहिलं.

ती पट्टी मला माहीत होती. तांब्याच्या तारांची विणलेली, हाताच्या पंजाएवढी लांब. एक टोक इंजिनाला, दुसरं चेसिसला एका बोल्टनं आवळलेलं. चार दिवसांपूर्वी खरवडता खरवडता मी तिथं पोचलो, तिच्याखाली गंज दिसला, म्हणून बोल्ट सोडवून पट्टी बाजूला केली. गंज काढला. प्रायमर मारला. निळ्या रंगाचे दोन हात दिले. काल संध्याकाळी सारिका घरी गेल्यावर पट्टी परत बसवली, आणि बोल्ट उघडा दिसतो म्हणून बारीक ब्रशनं तोही रंगवला, हौसेनं. पंखा लावून वाळवलासुद्धा.

तिनं व्होल्ट मोजायचा मीटर काढला. एक टोक बॅटरीच्या उणे बाजूला, एक इंजिनाच्या लोखंडाला. "ह्या दोन जागा एकच असाले पाह्यजे," ती म्हणाली. "मधात काही दिसाले नको. मारा सेल्फ." माणिकनं चावी फिरवली. मीटरवर आकडा चढला, वीस व्होल्टच्या जवळ. ती एकदम हसली. सकाळपासून पहिल्यांदा. मग भगवानरावची जाड वायर उचलली, एक टोक बॅटरीच्या उणेला लावलं, दुसरं इंजिनाला दाबून धरलं. "आता मारा."

गाडी एका दमात सुरू झाली. काळा धूर निघाला आणि माझ्या दुकानाच्या पत्र्यावरची चिमणी उडाली. चांगुणानं डोळ्याला पदर लावला. कारभारी म्हणाला की त्याला वाटलंच होतं.

मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं बोललो. "झालं ना सुरू? मंग निघा आता. नऊ वाजून गेले. घाटात गर्दी लागते. ते पट्टी-बिट्टी आल्यावर पाह्यजा." मी खालूनच माणिकला निघ निघ म्हणून हात करत होतो. तीस वर्षांत इतक्या काळजीनं मी कोणाला रस्त्याला लावलं नव्हतं.

"हाव ना," माणिक म्हणाला. "चाल, वायर बांधून टाक तशीच."

"नाई," सारिका म्हणाली. "घाटात वायर सुटली त? अन् ते काऊन झालं ते पाह्यल्याबिगर मी गाडी सोडत नाई." तिनं गाडी बंद करायला लावली, टॉर्च हातात घेतली आणि गाडीखाली सरकली.

आम्हाला फक्त तिच्या चपला दिसत होत्या. पान्याचा आवाज आला. मग आवाज थांबला. ती किती वेळ खाली होती ते मला सांगता येणार नाही, पण त्या वेळात मला माझं सगळं आयुष्य दोन कोट रंगासारखं वाटलं, वरून चकचकीत.

ती बाहेर आली. बोटाला निळा रंग लागला होता. तिनं तो फडक्याला पुसला. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. मला बाजूलाही घेतलं नाही. बाजूला घेतलं असतं तर कारभारीपासून भगवानरावपर्यंत सगळ्यांना कळलं असतं, आणि हे तिला माहीत होतं.

"अर्थ नीट बसला नव्हता," ती म्हणाली. "पाच मिनिटात करतो."

"नीट बसला नव्हता म्हणजे?" माणिक केबिनमधून खाली उतरला. "काल खाली कोण होतं?"

ती पाना पुसत राहिली.

"तूच होती ना? मंग तुह्याच हातानं झालं." त्याचा आवाज चढला. "तोडली तूच अन् जोडलीबी तूच, त त्यात काय मोठं? माणसं तुह्यावर गाडी कशी सोडतीन? सोमवारचं राहू दे आता. मी मावशीले फोन करतो."

सारिकानं मान खाली घातली. एक शब्द बोलली असती तर सुटली असती. तो शब्द माझं नाव होता. तो तिनं गिळला. मी मागच्या महिन्यात तिच्या बापासमोर म्हणालो होतो की हे पोरीचं काम नाही, आणि आज सकाळी पहिलं बोट मीच दाखवलं होतं. तिला ते ऐकू आलं नव्हतं असं थोडंच आहे. मला लाज वाटली.

तरी मी मार्ग काढायचं पाहिलं. मी माणिकच्या खांद्यावर हात ठेवला. "माणिक, जरा बाजूला ये. बोलायचं आहे."

आता माझं नशीब पाहा. बाजूला ये म्हटल्यावर माणिकला वाटलं, मी त्याच्या पोरीची चूक झाकून सांगणार. त्यानं माझा हात झटकला. "बाजूले कायले? इथीच सांग, सगळ्याइच्या समोर. पोरीनं काय केलं ते सगळ्याइले समजू दे."

भगवानराव पुढं सरकला. कारभारीनं रिकामे ग्लास गोळा करणं थांबवलं.

"मी केलं," मी म्हणालो.

"काय?"

"पट्टी म्या काढली. खाली रंग म्या लावला, दोन हात. अन् वरून बोल्टबी म्याच रंगवला. काल संध्याकाळी, ते गेल्यावर. पोरगी त मागच्या दिव्यापाशी होती, पट्टीले तिनं हातबी नाई लावला." आणि एकदा तोंड उघडलं तसं पुढचंही आलं. "सकाळी तिचं नाव मीच घेतलं. तेबी चुकलंच. अर्थ म्हटल्याबरोबर मले समजलं होतं, तरी मी तुमाले घाई करत होतो. आता बोल काय बोलायचं ते."

माणिकच्या शिव्या येतील म्हणून मी तयार होतो. तेवढ्यात डब्यावरून गनीभाईंचा आवाज आला. "शाकिरभाई, चोवीस व्होल्ट करंट तुह्या रंगातून पार जाऊ शकला नाई. तीस वर्षांत तुह्या रंगाची एवढी पक्की गॅरंटी कोणी देल्ली नसंन."

भगवानराव खोखो हसत सुटला, कारभारी हसला, आणि चांगुणासुद्धा पदराआड हसली. हे आता नांदुऱ्यापर्यंत जाणार, उंद्रीपर्यंत जाणार, हे मला माहीत होतं. जिथं जिथं माझं अक्षर पोचलं होतं तिथं तिथं.

सारिका मात्र हसली नाही. तिनं माझ्याच दुकानातून पॉलिश पेपरचा तुकडा आणला आणि माझ्यापुढं धरला. "चाचा, लोखंड पांढरं दिसेपर्यंत घासा. चांगलं."

मी पोतं अंथरलं आणि खाली गेलो. स्वतःचा रंग, तोही काल वाळलेला, स्वतःच्या हातानं खरवडला. निळा गेला, तांबडा गेला, खाली चकचकीत लोखंड निघालं. बोल्टही घासला. ती शेजारी टॉर्च धरून पडली होती. तिनं पट्टी बसवली, बोल्ट आवळला आणि वरून ग्रीसचं बोट फिरवलं.

"याच्यावर थोडासा रंग..." मी म्हणालो.

"चाचा," ती म्हणाली.

"नाई लावत," मी म्हणालो.

तिनं कालची दिव्यांची वायर परत जोडली, मागं जाऊन एकेक दिवा पाहिला. मग माणिकनं चावी फिरवली आणि गाडी लगेच सुरू झाली. त्यानं बंद केली. पुन्हा सुरू केली. तिसऱ्यांदाही केली, उगाचच. मी इंजिनावर चढून रेसच्या केबलला हात लावून पाहिला. ती निवली होती. साडेनऊला चार मिनिटं कमी होती.

चांगुणानं डबा वर दिला. गनीभाई उठून खिडकीखाली आले आणि म्हणाले, "माणिकराव, मी सेल्फ काढाले सांगत होतो. हिनं ऐकलं असतं त दुपारपर्यंत आपण इथीच असतो." माणिकनं नुसती मान हलवली. त्याला पोरीशी काही बोलायचं होतं, हे दिसत होतं, पण शब्द सापडत नव्हता. त्याचं तसंच आहे. लग्नातही त्यानं चांगुणाला पहिलं वाक्य तिसऱ्या दिवशी म्हटलं होतं.

सारिका हत्यारं पिशवीत भरत होती. माणिकनं गियर टाकला, मग काढला. वाकून डाव्या बाजूचं दार आतून उघडलं.

"चाल, बस," तो म्हणाला.

"मी कायले? मी तठी काय करू?"

"वाटंत बंद पडली त मी कोणाले बोलावू?"

गनीभाई तिथंच, खिडकीखाली, दोन हात अंतरावर उभे होते, तरी त्यानं विचारलं ते पोरीला. त्यांनी पाठ फिरवली आणि कारभारीला एक चहा सांगितला. सारिकानं हात ओढणीला पुसले, पिशवी उचलली आणि वर चढली.